बाभळीच्या शेंगेतील तुरटपणा : कोणत्या जनावरास हितकर?

चैत्र सरता सरता नागपूर जिल्ह्यातील नाल्यांच्या काठी, शेतांच्या धुऱ्यांवर आणि गावाबाहेरच्या पडीत जमिनीत बाभळीच्या शेंगा वाळून गळू लागतात. याच सुमारास गोठ्यातील हिरवा चारा संपलेला असतो, कुटाराचा ढीग तळाला लागलेला असतो आणि ढेपेचे भाव चढलेले असतात. शेळ्या राखणारा काठीने फांदी हलवितो आणि खाली पडणाऱ्या शेंगांवर शेळ्या तुटून पडतात. गाई-म्हशीही शेंगा खातात. परंतु शेळीची हौस त्यांच्या ठायी नसते आणि शेळीइतकी ती शेंग त्यांना सोसतही नाही. हा भेद राखणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचे कारण शेंगेच्या तुरटपणात आहे, व त्या तुरटपणास शास्त्राच्या भाषेत टॅनिन असे म्हणतात.

गेल्या काही वर्षांत या टॅनिनकडे पशुआहारशास्त्रज्ञांचे, पशुखाद्य तयार करणाऱ्यांचे आणि शासनाचेही लक्ष वेधले गेले आहे. टॅनिन खाद्यात योग्य प्रमाणात असल्यास महागड्या प्रथिनांची नासाडी थांबते, पोटफुगी टळते, पोटातील जंतांस आळा बसतो आणि जनावराच्या ढेकरेतून बाहेर पडणारा मिथेन वायू कमी होतो, असे सांगण्यात येते. यांपैकी प्रत्येक विधानास प्रयोगांचा आधार आहे. तथापि तो आधार कोणत्या जनावरांवर व कोणत्या वैरणीवर केलेल्या प्रयोगांचा आहे, हे पाहिल्यावाचून सरसकट सर्व गोठ्यांना टॅनिनची शिफारस करणे म्हणजे काटोलच्या संत्र्याचे पाण्याचे कोष्टक मौद्याच्या धानास लावण्यासारखे होय.

टॅनिन हे एकच एक द्रव्य नव्हे. तो द्रव्यांचा एक मोठा समुदाय आहे. कच्चे जांभूळ, सुपारी, काथ, हिरडा, डाळिंबाची साल, चिंचोक्याचे तांबूस टरफल या सर्वांत तो कमीअधिक आढळतो. प्रथिनास चिकटून बसणे हा या सर्वांचा समान धर्म आहे. हिरडा चघळला असता जीभ आखडल्यासारखी होते, कारण लाळेतील प्रथिने टॅनिनशी जखडली जाऊन त्यांचा ओलसर बुळबुळीतपणा नाहीसा होतो. कोऱ्या चहाचा तुरटपणा दूध घालताच मावळतो, तो दुधातील प्रथिनाने चहातील टॅनिन आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे. चामडे कमावणारे कारागीर बाभळीची साल व हिरडा वापरीत आले ते याच गुणासाठी. कातड्यातील प्रथिन एकदा टॅनिनने बांधले गेले म्हणजे ते कुजत नाही. जुन्या काळी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून काळी शाई करीत असत, तीही लोहाशी होणारी टॅनिनचीच क्रिया होय. कातडे कुजू न देणारे हे द्रव्य जनावराच्या पोटात गेले म्हणजे काय करील, याचा अंदाज यावरून बांधता येतो. ते तेथेही प्रथिनास धरून बसते आणि कुजविणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या कामात अडथळा आणते. हा अडथळा हितकर की अहितकर, हाच काय तो प्रश्न आहे.

टॅनिनचे दोन मुख्य वर्ग मानतात. एका वर्गातील टॅनिन पोटात फुटून त्याचे लहान घटक होतात व ते रक्तात शोषले जातात. प्रमाण वाढल्यास हे घटक यकृतास व मूत्रपिंडास अपाय करतात. हिमालयाच्या पायथ्याकडील भागात ओक वृक्षाची कोवळी पाने अति खाल्ल्याने गुरे दगावतात, ती याच कारणाने. दुसऱ्या वर्गातील टॅनिन सहसा फुटत नाही. ते अन्नमार्गातच राहून प्रथिनांशी व तंतूंशी बांधले जाते. पशुआहारात ज्याचे गुण गायिले जातात ते बहुतांशी या दुसऱ्या वर्गाचे टॅनिन होय. बाभळीत दोन्ही वर्गांची टॅनिने आहेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे शेंगांचा अतिरेक का टाळावा हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता कोठीपोटाकडे वळू. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या गाईत तो शंभर लिटरच्या आसपास भरतो. तेथे असंख्य सूक्ष्मजंतू चाऱ्यातील तंतू फोडतात व त्यांपासून जनावरास शक्ती मिळते. कडबा खाऊन गाय जगते व मनुष्य जगत नाही, याचे सारे श्रेय या जंतूंस आहे. तंतूंबरोबरच हे जंतू खाद्यातील प्रथिनही फोडतात व त्याचा अमोनिया करतात. या अमोनियापासून ते स्वतःचे शरीर वाढवितात आणि पुढे चौथ्या पोटात गेल्यावर स्वतःच जनावराचे अन्न होतात. परंतु अमोनिया गरजेपेक्षा अधिक झाल्यास तो रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. शेंगदाण्याच्या ढेपेतील प्रथिन कोठीपोटात झपाट्याने फुटते; सरकीच्या ढेपेतील त्या मानाने सावकाश फुटते. शेतकऱ्याने विकत आणलेल्या ढेपेचा मोठा अंश अशा रीतीने गोठ्याच्या मोरीतून वाहून जाऊ शकतो.

येथे टॅनिन उपयोगी पडते. कोठीपोटातील रसाचा सामू साधारणतः ६ ते ७ असतो. या स्थितीत टॅनिन व प्रथिन यांची जोडी घट्ट राहते व जंतूंना ती सहजासहजी फोडता येत नाही. चौथ्या पोटात तीव्र आम्ल असल्याने सामू ३ च्या आसपास अथवा त्याहूनही खाली येतो, आणि तेथे ही जोडी सुटते. मोकळे झालेले प्रथिन पुढे आतड्यात पचून थेट जनावराच्या अंगी लागते. हीच गोष्ट साधण्यासाठी ढेपेवर रासायनिक प्रक्रिया करण्याची पद्धत कारखान्यांत आहे. झाडाच्या पाल्यात ती निसर्गानेच करून ठेवली आहे, असे म्हणता येईल. याशिवाय मूत्रातून जाणारा नत्र शेणाकडे वळतो. मूत्रातील नत्राचा अमोनिया होऊन तो लवकर उडून जातो, शेणातील नत्र मात्र खतात टिकून राहतो. शेणखताच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही, जरी त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

या विषयातील गाजलेले प्रयोग प्रामुख्याने न्यूझीलंडमध्ये झाले. तेथील मेंढ्यांना लोटस नावाच्या द्विदल चाऱ्यातून कोरड्या आहाराच्या शेकडा २ ते ४ इतके टॅनिन मिळाले असता लोकर वाढली, जुळ्यांचे प्रमाण सुधारले व पोटफुगी झाली नाही. प्रमाण शेकडा ५ च्या वर गेले तेव्हा मात्र मेंढ्यांचे खाणे घटले व तंतूंचे पचनही मंदावले. हे दोन आकडे आता जगभर उद्धृत केले जातात, आणि टॅनिनचा पुरस्कार करणारे बहुतेक लेख त्यांच्याच आधारावर उभे असतात.

परंतु त्या मेंढ्या काय खात होत्या? न्यूझीलंडच्या ओल्या, कोवळ्या कुरणात प्रथिनाचे प्रमाण कोरड्या भागाच्या शेकडा २० च्या घरात असते. तेथे प्रथिन गरजेहून अधिक आहे, कोठीपोटात अमोनिया उतू जात आहे, आणि म्हणून त्यास आवर घालणारे द्रव्य हितकर ठरते. याच्या उलट नागपूर जिल्ह्यातील सामान्य गोठ्यात काय आहे ते पाहावे. पूर्वेकडे मौदा, रामटेक, कुही या भागांत धानाचे तणीस. पश्चिमेकडे पूर्वी ज्वारीचा कडबा असे, परंतु सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा आटला आणि त्याच्या जागी सोयाबीनचे व तुरीचे कुटार आणि थोडा गव्हांडा आला. तणीस, कडबा व गव्हांडा यांत प्रथिन शेकडा ३ ते ४ पेक्षा फारसे अधिक नसते. कोठीपोटातील जंतूंना आपले काम नीट करण्यास आहारात निदान शेकडा ७ च्या सुमारास प्रथिन लागते. म्हणजे येथे जंतू आधीच अर्धपोटी आहेत. त्यांच्या वाट्याच्या तुटपुंज्या नत्रास टॅनिनने बांधून ठेवले, तर ते तंतू फोडणार कशाच्या बळावर? तंतू फुटले नाहीत म्हणजे चारा पोटात अधिक काळ पडून राहतो, पोट रिते होत नाही, जनावर पुढचा घास कमी खाते आणि दिवसेंदिवस खंगत जाते. उन्हाळ्यात खंगलेला बैल मृगात औताला जुंपावयाचा असतो, ही गोष्ट प्रयोगशाळेच्या कोष्टकात येत नाही.

यास्तव तणीस व कुटार यांवर जगणाऱ्या भाकड गाईस, ओढकामाच्या बैलास किंवा दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गवळाऊ गाईस टॅनिनयुक्त भुकटी चारणे हा उपाय नव्हे. तो अपायाचा मार्ग ठरण्याचा संभव अधिक आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गवळाऊ ही वर्धा-नागपूर भागाची स्वतःची जात आहे. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथील शासकीय प्रक्षेत्रावर तिचे संगोपन होते. काटक, चपळ आणि हलक्या चाऱ्यावर निभावणारी म्हणून तिची ख्याती आहे. तथापि हलका चारा निभावून नेणे व त्यात आणखी ओझे सोसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

मिथेनचा प्रश्नही याच तराजूत तोलून पाहिला पाहिजे. कोठीपोटात तंतू फुटताना हायड्रोजन निर्माण होतो व काही सूक्ष्मजंतू त्यापासून मिथेन करतात. जनावर तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. खाद्यातील एकूण शक्तीपैकी शेकडा ६ ते ७ इतका, आणि निकस चाऱ्यावर त्याहूनही अधिक भाग असा हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून जगात त्याची चिंता आहे. २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेच्या वेळी अनेक राष्ट्रांनी मिथेन घटविण्याची प्रतिज्ञा केली. भारताने तीवर स्वाक्षरी केली नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार या देशात गोवंश व म्हैसवर्गीय मिळून तीस कोटींहून अधिक जनावरे आहेत व त्यांतील बहुसंख्य लहान शेतकऱ्यांच्या दावणीस आहेत, ही वस्तुस्थिती पाहता तो निर्णय समजण्याजोगा होता.

त्याच वर्षी बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेचे ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य प्रकाशात आले. ते उष्ण प्रदेशातील टॅनिनयुक्त वनस्पतींपासून बनविलेले असून त्याने मिथेन शेकडा १७ ते २० ने घटतो, असे संस्थेचे म्हणणे आहे. कोठीपोट पूर्ण कार्यक्षम झालेल्या, म्हणजे तीन महिन्यांहून मोठ्या जनावरांसाठीच ते आहे. याच संस्थेने चिंचोक्याच्या टरफलाचाही या कामी उपयोग केला आहे. परदेशी रसायनांऐवजी चिंचोका उपयोगात यावा, ही गोष्ट निश्चित स्वागतार्ह होय.

परंतु मिथेन घटला म्हणजे दूध वाढलेच, असे मात्र नाही. मिथेन दोन प्रकारे घटू शकतो. एक, टॅनिनने मिथेन करणाऱ्या जंतूंवरच आघात केला व वाचलेली शक्ती जनावरास मिळाली, तर. दुसरा, टॅनिनने तंतूंचेच पचन मंदावले व त्यामुळे हायड्रोजनच कमी निपजला, तर. दुसऱ्या प्रकारात हवेत जाणारी शक्ती शेणात जाते, जनावराच्या हाती काहीच लागत नाही. चूल विझविली की धूर थांबतो, पण भाकरीही भाजली जात नाही. यास्तव मिथेन इतके टक्के घटला असे ऐकताच विस्तार कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारावेत : जनावरास मूळ वैरण कोणती होती, आणि दूध अथवा वजन वाढले काय? उत्तर चांगल्या हिरव्या चाऱ्यावरील व भरपूर आंबोणावरील प्रयोगाचे असेल, तर ते तणसाच्या गोठ्यास जसेच्या तसे लागू पडणार नाही. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे, आणि २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. विदर्भाच्या वैरणीवर, विदर्भाच्याच जनावरांवर केलेल्या चाचण्यांचा कौल हाच येथील शिफारशीचा पाया असावा, ही अपेक्षा वाजवी आहे.

आणखी एक गोष्ट. भारतातील जनावरांचा मिथेन प्रति जनावर फार मोठा नाही, तो प्रति लिटर दुधामागे मोठा दिसतो, कारण दूध थोडे आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात असे आढळले की जनावरास त्याच्या गरजेप्रमाणे प्रथिन, शक्ती व क्षार यांचा मेळ घालून आहार दिला असता दूध वाढते, खर्च उतरतो आणि प्रति लिटर मिथेनही घटतो. ज्या उपायाने शेतकऱ्याची मिळकत व हवेचे हित ही दोन्ही साधतात तो आधी, आणि ज्याने केवळ हवेचे साधते तो नंतर, असा क्रम लावण्यात कोणताही स्वार्थीपणा नाही.

मग या भागात टॅनिनला स्थान नाही काय? आहे, आणि ते कोठे आहे हे नीट ओळखले पाहिजे. दिवसाला दहा-बारा लिटर दूध देणारी संकरित गाय किंवा चांगली दुभती म्हैस ज्यांच्याकडे आहे, ज्यांच्या गव्हाणीत बरसीम, लसूणघास किंवा चवळीचा हिरवा चारा व सोयाबीनची अथवा शेंगदाण्याची ढेप रोज पडते, त्यांच्या जनावरांची स्थिती न्यूझीलंडच्या मेंढीशी थोडीफार जुळते. येथे कोठीपोटात अमोनिया अधिक होतो व प्रथिन वाया जाते. अशा आहारात बाभळीच्या शेंगांचा भरडा थोड्या प्रमाणात मिसळून पाहण्यास हरकत नाही. सुरुवात अल्प प्रमाणाने करावी, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे, आणि शेण घट्ट होणे, चारा मागे राहणे किंवा दूध उतरणे यांपैकी काहीही दिसल्यास लगेच थांबवावे. गाभण जनावरास व लहान वासरांस देऊ नये.

तणीस-कुटारावरील जनावरांच्या बाबतीत पहिले काम वैरण सुधारण्याचे आहे. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, थर दाबून हवाबंद झाकावे व एकवीस दिवसांनी उघडावे, ही प्रक्रिया नवीन नाही. विस्तार खात्याने ती वारंवार सांगितली आहे आणि शेतकऱ्यांनी ती वारंवार अर्ध्यावर सोडली आहे. उन्हाळ्यात पन्नास लिटर पाणी तणसावर घालावयाचे म्हणजे काय, हे ज्या गावात टँकर येतो तेथील लोकांनाच ठाऊक. म्हणून ही प्रक्रिया धान निघाल्यावर, हिवाळ्यात पाणी असतानाच करावी. या प्रक्रियेचा टॅनिनशी एक संबंध आहे, जो सहसा सांगितला जात नाही. टॅनिन प्रथिनास बांधते, परंतु युरियापासून होणाऱ्या अमोनियास बांधत नाही. प्रक्रिया केलेल्या तणसातून जंतूंना त्यांचा नत्र मिळत असेल, तर टॅनिनने ढेपेतील प्रथिन पुढे आतड्याकडे राखून ठेवले तरी जंतू उपाशी राहत नाहीत. म्हणजे याच गोठ्यात आज अपायकारक ठरणारी शेंग, वैरण सुधारल्यानंतर उपकारक ठरू शकते. क्रम उलटा केल्यास मात्र नुकसान ठरलेले.

शेळीची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच या भागात सर्वांत महत्त्वाची आहे. शेळी स्वभावतः चरणारी नसून झाडपाला ओरबाडणारी आहे. बोर, बाभूळ, खैर, धावडा, अंजन यांचा पाला ती निवडून, बदलून बदलून खाते. एकाच झाडाशी फार वेळ थांबत नाही. या चंचलपणाला लोक खोड म्हणतात. वस्तुतः कोणत्याही एका पाल्यातील टॅनिन अति होऊ नये, अशी ही तिची स्वतःची व्यवस्था आहे. शिवाय तिच्या कोठीपोटातील जंतूही तुरट पाल्यास सरावलेले असतात. ऑस्ट्रेलियात बाभळीच्या कुळातील झाडे खाणाऱ्या रानशेळ्यांच्या कोठीपोटात टॅनिन सोसणारा एक जंतू सापडल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले. गाई-मेंढ्यांच्या मानाने शेळी टॅनिन अधिक सोसते, हे अनेक ठिकाणी पाहण्यात आले आहे.

नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या भागांतील बेरारी शेळीची आता स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली आहे. ती पाळणारे बहुतेक लोक भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत, व त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या शेळ्या जंगल खातात अशी तक्रार नेहमी होते, व कोवळ्या रोपवनाच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु गाईस न सोसणारा पाला व शेंगा यांचे मांसात व दुधात रूपांतर करणारे दुसरे जनावर या प्रदेशात नाही, ही बाजूही मांडली गेली पाहिजे. पावसाळ्यात शेळ्यांना रक्त शोषणारे जंत होतात. डोळ्यांच्या पापण्यांची आतील बाजू पांढुरकी पडते, गळ्याखाली सूज येते आणि करडे मरतात. आहारातील टॅनिनने या जंतांची अंडी व संख्या कमी होते, असे अनेक देशांतील प्रयोगांत दिसून आले आहे. जंतांवरील औषधे वारंवार दिल्याने ती निरुपयोगी होत चालली असताना या गुणास मोल आहे. तथापि आजारी शेळीस शेंगा चारून औषध टाळणे हा अविचार होय; तिला पशुवैद्यकास दाखविलेच पाहिजे.

प्रमाणाचा हिशेब साधा आहे. तीस किलो वजनाची शेळी दिवसाला सुमारे एक किलो कोरडा आहार घेते. त्यात शेकडा २ ते ४ टॅनिन म्हणजे २० ते ४० ग्रॅम. बी काढलेल्या बाभळीच्या शेंगेत टॅनिन शेकडा दहाहून पुष्कळ अधिक असू शकते. बियांत ते कमी असते. झाडागणिक व ऋतूगणिकही त्यात फरक पडतो. शेळी दिवसभर रानात पालाही खाऊन आलेली असते, तो हिशेबात धरला पाहिजे. म्हणून रानात जाणाऱ्या शेळीस गोठ्यात दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मूठ-दोन मूठ, भरडलेल्या शेंगा पुरेत. त्यांच्या जोडीला थोडी तुरीची चुणी किंवा ढेप व क्षारमिश्रण द्यावे. ज्या शेळ्या कायम गोठ्यात बांधून केवळ कुटारावर ठेवल्या जातात, त्यांना मात्र गाईचाच नियम लावावा.

शेंग ओळखण्यात चूक होता कामा नये. येथे सांगितलेली बाभूळ ही देशी, मण्यांच्या माळेप्रमाणे दाण्यादाण्यांमध्ये आवळलेल्या शेंगांची, पिवळ्या गोल फुलांची बाभूळ आहे. पुष्कळ ठिकाणी वेडी बाभूळ म्हणून ओळखले जाणारे झाड परदेशी असून त्याची शेंग पिवळसर व गोड असते. तिचे गुणदोष निराळे आहेत व तिला हा हिशेब लागू नाही.

वऱ्हाडात इंग्रजी अमदानीत बाभूळबने राखलेली असत. इंधन, औतांची लाकडे व साल यांसाठी त्यांचा उपयोग होई, आणि शेंगांच्या मोसमात त्यांत शेळ्या-मेंढ्या चारल्या जात. आज धुऱ्यांवरील बाभळी यंत्राने नांगरताना आड येतात म्हणून तोडल्या जात आहेत. बाभळीची सावली पिकास बाधते ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. परंतु नाल्याकाठी व पडीत तुकड्यावर चार झाडे राखली तर वर्षातून दीड-दोन महिने शेळ्यांच्या खुराकाची सोय होते, हा हिशेब झाड तोडण्यापूर्वी एकदा करून पाहावा. ग्रामपंचायतींनी गावठाणाच्या व नाल्याच्या जमिनीवर या दृष्टीने लागवड करावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

शेंगा झाडाखालून रोजच्या रोज वेचाव्यात व कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवाव्यात. वाजेपर्यंत वाळल्या म्हणजे पोत्यांत भरून फळीवर, भिंतीपासून दूर ठेवाव्यात. मृगाची पहिली सर पोत्यांवर पडली तर बुरशी धरते, आणि बुरशी धरलेली शेंग शेळीसही देऊ नये. भरडा एकदम न करता आठवड्यापुरता करावा. अख्ख्या शेंगा चारल्यास बरेचसे कठीण बी रवंथ करताना तोंडातून गळते किंवा लेंड्यांतून जसेच्या तसे बाहेर पडते. त्यातील प्रथिन अर्थातच वाया जाते. तथापि शेळ्यांच्या वाड्यातून वेचलेले असे बी झाडावरून काढलेल्या बियांपेक्षा चांगले उगवते, हा बाभूळबने राखणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. म्हणून ज्यांना नाल्याकाठी लागवड करावयाची असेल त्यांनी काही दिवस शेंगा न भरडता चाराव्यात, आणि वाडा झाडताना मिळणारे बी मृगाच्या पावसासाठी वेगळे काढून ठेवावे.